तरुण घोडा घेण्याआधी: दोन दिवसांच्या रानफेरीत त्याची पारख

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा बघायला गेलात, की तो कसा दाखवला जाणार हे ठरलेलं असतं. मोतद्दार (घोडा सांभाळणारा माणूस) त्याला सपाट पट्टीवर रेवाल चालीनं, म्हणजे स्वाराला हिसके न बसणाऱ्या झपाझप चालीनं दोन-तीनदा नेऊन आणतो, ढोलावर चार पावलं नाचवतो, उंची इंचांत सांगतो आणि मग भाव निघतो. यात घोड्याची ठेवण दिसते, चाल दिसते, रुबाब दिसतो. पण ओढ्याच्या पाण्यापुढे तो काय करेल, उसाच्या फडातून एकदम ट्रॅक्टर निघाला तर कुठे पळेल, सोबतचा घोडा वळणाआड गेल्यावर अंगावरच्या माणसाचं ऐकेल का, हे त्या पट्टीवर कळत नाही. आणि रपेटीसाठी, डोंगरवाटांवर हिंडण्यासाठी घोडा घेणाऱ्याला हेच कळायला हवं.

म्हणून पसंत पडलेल्या घोड्यासाठी मालकाकडे शनिवार-रविवार मागा. एक दिवस पुरत नाही, त्याची दोन कारणं. वेदनाशामकाचा एक डोस साधारण दिवसभर लंगडणं झाकू शकतो. शिवाय पहिल्या दिवशीच्या श्रमाचा पायांवर आणि पाठीवर झालेला परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसतो.

दोन्ही दिवस एकच गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा. चार-पाच वर्षांचा घोडा बिचकणारच, दमणारच. तो घाबरला म्हणून नापास करू नका. घाबरल्यावर किती वेळात सावरतो आणि दमल्यावर किती वेळात पूर्ववत होतो, ते मोजा.

बसण्याआधी वय आणि वजन

वय तोंडात बघूनच ठरवा, मालकाच्या शब्दावर नको. पुढच्या दातांपैकी मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमाराला दुधाची पडून पक्की येते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. म्हणजे कडेचे दात अजून लहान, पांढरे आणि दुधाचे असतील, तर घोडा साडेचारच्या आतला. दोन दातांच्या, म्हणजे फक्त मधली जोडी पक्की आलेल्या शिंगराला डोंगरफेरीवर नेऊच नका. त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, पायाची हाडं त्याआधी पक्की होतात. पाय भक्कम दिसले म्हणून पाठही तयार झाली असं समजण्यात बरेच जण चुकतात, आणि त्या चुकीची किंमत घोडा पुढे दहा-पंधरा वर्षं मोजतो. या लेखातली फेरी चार वर्षं पूर्ण झालेल्या आणि निदान तीन-चार महिने खोगिराची सवय असलेल्या घोड्यासाठी आहे.

वजनासाठी काटा लागत नाही, लांब मऊ टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोत अंदाजे वजन. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर ३४४ किलो. आपल्याकडच्या मारवाडी-काठियावाडी घोड्यांत हा आकडा नेहमीचा आहे.

पूर्ण वाढलेल्या घोड्यावर स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकू नये, असं सर्वसाधारणपणे मानतात. तरुण घोड्यासाठी १५ टक्क्यांच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहावं. वरच्या घोड्यासाठी २० टक्के म्हणजे ६९ किलो, आणि त्यात आठ-दहा किलो खोगिराचे गेले. तुमचं वजन ८० किलो असेल तर हा घोडा तुमच्यासाठी नाही. तो कितीही आवडला तरी नाही.

मालकाशी काय ठरवायचं

पहिल्या दिवशी घोडा तबेल्यात, सुका आणि थंड असताना तुमच्यासमोर बाहेर काढायचा. तुम्ही पोचायच्या आधी त्याला तासभर पळवून शांत केलेलं नसावं. खोगिराखालची जागा आणि कानांमागचा भाग हाताने चाचपा. तिथे वाळलेल्या घामाने केस चिकटलेले असतील तर काम आधीच झालं आहे.

खोगीर-लगाम मालकाच्या माणसाने चढवावं, आणि आधी त्यानेच बसून चाल, दुडकी (संथ धाव) आणि थांबणं दाखवावं. त्याने बसायला टाळाटाळ केली, तर तुम्हीही बसू नका. सोबतीला एक वयस्क, रस्ता ओळखणारा, शांत घोडा आणि जाणता स्वार हवा. नर घोडा असेल तर सोबतीची घोडी नको. इजा झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा आणि मालकाच्या ओळखीचा पशुवैद्य कोण, हेही आधीच बोलून घ्या.

शनिवार सकाळ: आराम असतानाचे आकडे

घोडा बांधलेला, शांत असताना डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप ठेवून किंवा जबड्याच्या आतल्या कडेला धमनीवर बोट ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. आरामात मिनिटाला २८ ते ४४ ठोके, ८ ते १६ श्वास आणि ३७.२ ते ३८.५ अंश सेल्सियस तापमान हे ठीक. आकडे कागदावर लिहा. संध्याकाळी आणि रविवारी तुलना याच आकड्यांशी करायची आहे.

मग पाय बघा. गुडघ्याखालच्या हाडामागच्या शिरा (कंडरा, रक्तवाहिन्या नव्हे) वरून खालपर्यंत बोटांनी दाबत जा, डावा-उजवा ताडून बघा. एका बाजूला जास्त उष्णता किंवा सूज लागली तर फेरी पुढे ढकला. चारही खूर उचलून बघा. तरुण घोडा पाय ओढून घेईल, ते चालतं. पण लाथ मारायला वळत असेल तर पुढे नालबंदाचे हाल आहेत. खुराच्या तळव्यातल्या त्रिकोणी भागाला कुजका वास येत असेल तर तबेला ओला राहतो असं समजा.

नंतर कडक सपाट रस्त्यावर मोतद्दाराला दोरी ढिली सोडून घोडा ३० मीटर दुडकीवर नेऊन आणायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली जातं. दोरी आखडून धरली तर हे दिसत नाही, आणि लंगडा घोडा दाखवताना दोरी हमखास आखडून धरलेली असते.

खोगीर, लगाम आणि तुमचं सामान

तोंडातली कडी काटेरी असेल तर ती काढायला लावा. टोकदार काट्यांच्या लगामावर आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो बाजारात अजून सापडतो. साधी, गुळगुळीत, जोडाची कडी घाला. काटेरी लगामावर शहाणा वाटणारा घोडा साध्या कडीवर कसा वागतो हे बघणं या पारखीचाच भाग आहे, आणि ते बंदिस्त जागेत, मालकाचा माणूस वर असतानाच बघा.

खोगिराखालचा गाशा स्वच्छ आणि सुरकुतीविना असावा. स्वार बसल्यावर खोगिराची पुढची कमान आणि मानेच्या मुळाशी असलेला पाठीचा उंचवटा यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. कण्याच्या वर खोगीर टेकता कामा नये. त्या उंचवट्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती जुन्या खोगिराच्या जखमेची खूण आहे. तिथे बोट दाबून घोडा पाठ चोरतो का बघा. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, तीन टप्प्यांत आवळा. एकदम आवळला की तरुण घोडा श्वास कोंडून पोट फुगवतो, नंतर पोट बसतं आणि खोगीर पोटाखाली फिरतं. दहा मिनिटं चालल्यावर तंग पुन्हा तपासायचाच.

स्वाराला हेल्मेट आणि टाचेचे बूट हवेत. रिकीब (पाय टाकायचं कडं) बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. लगामाखाली मोरखी (तोंडात कडी नसलेला, बांधण्यासाठीचा डोक्याचा साज) आणि तीन मीटर दोरी असू द्या. खूर साफ करायचा आकडा, सुरी, पट्टी, जंतुनाशक, पाणी आणि चार्ज केलेला फोन सोबत ठेवा. फोन खोगिराच्या पिशवीत ठेवू नका. घोडा निसटला तर फोनही त्याच्यासोबत जातो.

वाट कशी निवडावी

शनिवारी ८ ते १० किलोमीटर, रविवारी १२ ते १५. बहुतेक अंतर चालीने, म्हणजे तासाला सहा-सात किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पुरंदर, बारामती, फलटणकडचे माळ यासाठी उत्तम, कारण पायाखाली मुरूम असतो आणि दूरवर दिसतं. सह्याद्रीच्या उघड्या कातळावर लोखंडी नाल घसरते, म्हणून पहिल्या दिवशी कातळाची वाट टाळा. पावसाळ्यातली काळी माती तर दोन्ही दिवस टाळा. वनखात्याची हद्द लागत असेल तर परवानगी आधी घ्या.

वाटेत काय काय हवं ते ठरवून निवडा: एक उथळ ओढा, एक छोटा चढ-उतार, एखादी वस्ती जिथे कुत्री आणि कोंबड्या असतील, थोडा डांबरी रस्ता. वाट आदल्या दिवशी पायी किंवा मोटारसायकलने बघून या. तुटकी तार, उघडी विहीर, शेताला लावलेलं विजेचं कुंपण हे घोड्यावर बसून शोधायचं नसतं.

शनिवारची फेरी

आधी १५ मिनिटं बंदिस्त जागेत. थांबणं, दोन पावलं मागे सरणं, डावी-उजवीकडे वळणं. बसताना तो उभा राहतो का? राहत नसेल तर तिथेच थांबा आणि तो चार पाय टेकून उभा राहीपर्यंत रिकिबीत पाय टाकू नका. चढतानाच निघणारा घोडा उताराच्या वाटेवर धोक्याचा आहे.

पहिले दोन किलोमीटर वयस्क घोड्याच्या मागून, दोन घोड्यांएवढं अंतर ठेवून जा. याहून जवळ गेलात तर पुढच्याची लाथ बसते. मग रुंद वाटेवर शेजारी या. त्यानंतर तरुण घोडा पुढे काढा. हाच क्रम ठेवा. सुरुवातीलाच पुढे काढला तर तो प्रत्येक दगडापाशी थबकतो, आणि मग खोट घोड्यात आहे की क्रमात, हे कळत नाही.

बिचकण्याचं मोजमाप असं करा. प्लॅस्टिकची पिशवी फडफडली, पाखरू उडालं, पंप सुरू झाला की घड्याळ बघा. चांगला तरुण घोडा जागच्या जागी दचकतो, कान रोखतो, फुरफुरतो आणि अर्ध्या-एक मिनिटात मान खाली सोडून ओठ चाटतो. त्याच वस्तूशेजारून परत न्या. दुसऱ्या वेळी कमी आणि तिसऱ्या वेळी नावापुरता बिचकला, तर शिकणारा घोडा हाती लागलाय. पाच मिनिटांनंतरही अंग थरथरत असेल, मान ताठ असेल आणि प्रत्येक वेळी भीती वाढत असेल, तर नवख्या स्वाराने त्याला घेऊ नये. गर्रकन वळून बेभान पळणारा, किंवा दोन पायांवर उभा राहणारा घोडा असेल, तर खाली उतरा आणि फेरी संपवा.

घोडा पळू लागला तर दोन्ही हातांनी लगाम खेचून धरू नका. तो त्यावरच रेलून पळतो. एक हात लगामावरून पुढे सरकवा आणि हळूहळू मांडीकडे आणून त्याची मान एका बाजूला वळवा, म्हणजे वर्तुळ लहान होत जातं. हे मोकळ्या माळावरच चालतं. अरुंद कड्यावर किंवा डांबरावर असं वळवलं तर घोडा आडवा होईल. अशा जागी कान आणि मान ताठ होताना दिसताच आधीच उतरून चालवा.

ओढा हा या फेरीचा गाभा आहे, त्याला अर्धा तास राखून ठेवा. कडक तळाचं, रुंद आणि गुडघ्याखालचं पाणी निवडा. अरुंद नाली नको, कारण ती घोडा उडी मारून ओलांडतो आणि मग पाणी म्हणजे उडी असंच त्याच्या मनात बसतं. वयस्क घोडा आधी पाण्यात घाला आणि मध्ये उभा करा. तरुण घोड्याला काठाशी तोंड करून उभं करा, लगाम सैल सोडा, त्याला मान खाली घालून हुंगू द्या. पोटऱ्यांनी हलका दाब द्या. तो पुढे झुकला, नुसतं वजन पुढे टाकलं, तरी दाब काढून घ्या. मागे सरला तर सरू द्या, पुन्हा आणा. तोंड फिरवू मात्र देऊ नका. चाबूक मारू नका. पाणी आणि मार यांची गाठ त्याच्या डोक्यात एकदा पडली की सुटायला महिने जातात. एक हात आयाळीत घाला, म्हणजे त्याने उडी मारलीच तर तुमच्या हातून लगामाचा झटका त्याच्या तोंडाला बसणार नाही.

पंधरा-वीस मिनिटांत तो पाण्यात गेला तर उत्तम. लगेच परत फिरून दुसऱ्यांदा ओलांडा. दुसऱ्यांदा किती वेळ लागला, हा दिवसातला सगळ्यात बोलका आकडा. पाण्यात उभा राहून पुढच्या पायाने थापा मारू लागला तर ताबडतोब पुढे हाका, नाहीतर तो तुमच्यासकट लोळेल.

उतारावर सरळ खाली या, तिरके नको. लगाम ढिला, अंग घोड्याच्या मधोमध. तो घाई करत असेल तर दर दहा पावलांनी थांबवा. तरुण घोड्याला उतारावर स्वाराचं वजन तोलणं अजून जमत नसतं. त्यामुळे तिथली घाई बहुधा हट्टापायी नसते, तोल सांभाळण्यासाठी असते. तीव्र उतारावर खाली उतरून चालवा.

मुक्काम जवळ आला की घोडे ओढ घेतात. शेवटचा किलोमीटर चालीनेच. शेवटचे चारशे-पाचशे मीटर उतरून, तंग एक भोक सैल करून हातात धरून चालवा.

पोचल्यावर

पोचताच ठोके मोजा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. लांब पल्ल्याच्या घोडेशर्यतींत विश्रांतीनंतर ६४ च्या आत येणं ही रूढ मर्यादा आहे. तुमच्या चालीच्या फेरीनंतर दहा मिनिटांत तो ६० च्या खाली यायला हवा आणि अर्ध्या-पाऊण तासात सकाळच्या आकड्याजवळ. तसा येत नसेल तर एकतर त्याला तयारी नाही, नाहीतर दुखतंय. हिरड्या बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाल्या पाहिजेत.

खोगीर काढल्यावर पाठीवरचा घाम बघा. सगळीकडे ओलं आणि मध्ये एखादा कोरडा चट्टा, म्हणजे तिथे खोगीर रुततंय. हा दोष खोगिराचा असू शकतो. रविवारी दुसरं खोगीर घालून पुन्हा बघा.

गरम घोड्याला पाणी देऊ नये ही समजूत सोडा. वाटेत आणि पोचल्यावर त्याला पिऊ द्या, फक्त पाण्यानंतर थोडं चालवा. मान, छाती आणि पायांवर पाणी ओता. चारा आधी द्या. दाणा-चंदी तासाभराने, अंग पूर्ण थंड झाल्यावर, आणि एका वेळी दीड किलोच्या वर नाही. दिवसभराचा सुका चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे आपल्या ३४४ किलोच्या घोड्याला पाच ते सात किलो. मालकाचा नेहमीचाच चारा द्या.

बांधून ठेवणं हीही परीक्षाच आहे. लगामाने कधीच बांधू नका. मोरखीच्या दोरीने, त्याच्या छातीपेक्षा उंच, सुटणाऱ्या गाठीने बांधा, आणि दोरी व झाड यांच्यामध्ये सुतळीचा फास ठेवा, म्हणजे झटक्यात मान मोडण्याऐवजी सुतळी तुटेल. अगाडी-पिछाडीची (पुढून आणि मागच्या पायांना दोऱ्या बांधण्याची) सवय असलेला घोडा एका दोरीवर अस्वस्थ होऊ शकतो. आधी विचारून घ्या.

रविवार

सकाळी बसण्याआधी कालच्या सगळ्या तपासण्या त्याच क्रमाने करा. लीद किती टाकली, चारा संपवला का, रात्री आडवा झाला का. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. कडक रस्त्यावरची दुडकी पुन्हा. काल साफ चाललेला घोडा आज डोकं हलवत असेल, तर रविवारची फेरी तिथेच रद्द करा आणि पशुवैद्याला बोलवा.

पाय ठीक असतील तर आज तीन गोष्टी नव्या. पहिली, सोबतीपासून वेगळं होणं: वयस्क घोडा वीस पावलं पुढे, मग पन्नास, मग वळणाआड. हिणहिणणं चालेल, तुमच्या सांगण्यावर थांबणं आणि वळणं टिकलं पाहिजे. दुसरी, तबेल्यातून एकट्याने, कालच्या उलट दिशेने अर्धा किलोमीटर. तिसरी, मोकळ्या चढावर दोन-तीन मिनिटं दुडकी आणि ती जमली तर थोडी दौड, तिथून परत चालीवर. दौडीनंतर किती पावलांत तो लगाम सैल सोडून चालू लागतो ते बघा.

वाटेत घोडा एकदम ताठला, मागचे पाय आखडले, चालायला तयार नाही, घाम सुटलाय, लघवी काळपट तांबडी, तर स्नायू आखडले आहेत. आठवडाभर भरपूर दाणा खाऊन उभ्या असलेल्या घोड्यात हे बहुतेकदा होतं. तिथेच उतरा, एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरांना तिथेच बोलवा. सारखा पोटाकडे बघणं, जमीन उकरणं, लोळणं हे पोटशुळाचं लक्षण, तिथेही वाट बघत बसू नका.

खोड की दुखणं

मान झटकणं, तोंड उघडं ठेवणं, एका बाजूला न वळणं, याचं मूळ बहुधा तोंडात असतं. साडेचार वर्षांपर्यंत दुधाचे दात पडत असतात आणि अर्धवट सुटलेला दात कडीला लागतो. खोगीर चढवताना कान मागे टाकणं आणि बसताच पाठ उचलणं असेल तर खोगीर आणि पाठ आधी तपासा. या गोष्टी दुरुस्त होतात, भावात धरा. पण जमिनीवर माणसाच्या अंगावर दात-पाय घेऊन येणं आणि दोन पायांवर उभं राहणं यांना सवलत देऊ नका.

भोवरे (अंगावरच्या केसांची वळणं), देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) यांवर बाजारात तासन्‌तास बोललं जातं आणि भावही त्यावर चढतो. ज्याची श्रद्धा असेल त्याने बघावं. पण शुभ भोवऱ्याचा घोडा ओढ्यावर तासभर अडून बसला आणि भोवरा चुकलेला दहा मिनिटांत पार झाला, तर रानवाटेसाठी दुसराच घ्या.

घ्यायचं ठरलं तर पैसे देण्याआधी पशुवैद्याकडून तपासणी आणि ग्लँडर्ससाठी रक्ताचा नमुना. हा रोग माणसालाही होतो आणि तो आढळला की शासनाला कळवणं बंधनकारक आहे. धनुर्वाताची लस कधी दिली ते विचारा, माहिती नसेल तर दिलीच नाही असं धरून चला. घोडा घरी आणताना मालकाकडून आठवड्याचा चारा-दाणा विकत घ्या, त्यात तुमचा चारा रोज थोडा थोडा वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदला, आणि पहिले चार-पाच दिवस खोगीर न घालता फक्त हातात धरून नव्या जागेतून फिरवा.